घेण्याआधी उलटं करून बघा!

तुमच्या हॉलमधल्या सोफ्याच्या उजव्या हाताला आत्ता काय आहे? खरं खरं सांगा. आमच्याकडे निळं प्लास्टिकचं स्टूल आहे. त्याच्यावर दोन चार्जर, कालचा चहाचा कप, मच्छरांची कॉइल आणि लाइट बिल. आम्ही तिघी मैत्रिणी जोगेश्वरीत भाड्याने राहतो. सोफा आधीच्या भाडेकरूने 'नेता येत नाही' म्हणून सोडून दिलेला, आणि स्टूल बाथरूममधून बढती मिळून हॉलमध्ये आलेलं. मागच्या वर्षी पहिला स्टायपेंड हातात आला तेव्हा मी ठरवलं, या स्टुलाची बदली करायची. जुनं, लाकडाचं, छोटं, सोफ्याच्या कडेला शोभेल असं टेबल घ्यायचं. इन्स्टावर लोक ज्याला 'व्हिंटेज एंड टेबल' म्हणतात ना, तसं.

एवढीशी तर गोष्ट. पण त्या नादात मी एकदा चक्क फसले, चार वेळा चोर बाजार पालथा घातला, एका सुतारकाकांची शागिर्दी केली आणि घरच्यांशी एक भांडणही ओढवून घेतलं. त्यामुळे तुम्ही या वाटेला जाणार असाल तर आधी हे वाचा. काही हजार रुपये तरी वाचतील.

सुरुवातीला नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे हॉलमधल्या कुठल्याही बुटक्या टेबलाला सरसकट 'टीपॉय' म्हणतात. त्यावर चहा ठेवतात म्हणून 'टी'पॉय, असा माझा बरीच वर्षं समज होता. तुमचाही असेल तर लाजू नका. प्रत्यक्षात हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला आहे. तीन पायांची ती तिपाई. साहेबाने ती उचलली, स्पेलिंगमध्ये चहा ओतला आणि आपल्याला परत दिली. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातसुद्धा या शब्दाचा चहाशी संबंध नाही, तीन पायांशी आहे, हे नोंदवलेलं आहे. मराठीतली तिवई ही तिचीच सख्खी बहीण.

तर सोफ्यासमोर मधोमध असतं ते सेंटर टेबल, आणि सोफ्याच्या कडेला, बसल्या जागी हात पोचेल असं असतं ते एंड टेबल. आजी-आजोबांच्या घरात ही वस्तू नव्हती असं नाही, फक्त तिला असं कुणी म्हणायचं नाही. रेडिओचं टेबल असायचं. फोनचं स्टूल असायचं, ज्याच्या खालच्या कप्प्यात जाडजूड डिरेक्टरी बसायची. फुलदाणीचा उंच स्टँड असायचा. ही माहिती नुसती रम्य नाही, कामाची आहे. जुन्या बाजारात जाऊन 'भैया, व्हिंटेज एंड टेबल है क्या?' असं विचारलंत की दुकानदार तुमच्या बुटांकडे बघतो आणि भाव चढवतो. 'फोनवालं जुनं स्टूल आहे का?' असं विचारून बघा.

'व्हिंटेज' आणि 'अँटिक' यातही फरक आहे. दुकानांच्या पाट्यांवर तो दिसणार नाही, तिथे सगळंच अँटिक असतं. व्यवहारात शंभर वर्षं ओलांडलेल्या वस्तूला अँटिक म्हणतात. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदाही शंभर वर्षांचीच रेघ ओढतो, आणि त्यापलीकडच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे अमेरिकेतल्या मावसबहिणीला खरोखरचं शतकापूर्वीचं टेबल कुरिअर करायचा विचार असेल तर तो सोडा. तुमच्या-माझ्या बजेटमध्ये जे येतं ते साधारण पन्नास ते ऐंशी वर्षांपूर्वीचं. तेच व्हिंटेज.

साडेचार हजारांची शिकवणी

आता माझ्या फसण्याची गोष्ट. एका दुकानात, नाव सांगत नाही, मला एक टेबल आवडलं. गोलसर कोपरे, दोन रंगांचं लाकूड, एक छोटासा खण, पितळेची मूठ. दुकानदार म्हणाला, 'पारशी घरातलं आहे, १९४० चं, आर्ट डेको.' आणि मला आर्ट डेको म्हणजे काय ते ठाऊक होतं, हाच तर घोळ झाला! कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या इमारतींवर लिहिलं होतं. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या ना, त्याच. त्या इमारतींच्या गोल बाल्कन्या आणि पायऱ्यापायऱ्यांच्या रेषा फर्निचरमध्येही उतरल्या होत्या. १९३७ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आताच्या एशियाटिकच्या इमारतीत, वास्तुविशारदांच्या संस्थेने 'आयडियल होम' नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. आधुनिक घर आतून कसं असावं हे लोकांना दाखवायला. त्यामुळे त्या काळातली मुंबईतली जुनी डेको टेबलं खरोखर असतात. एवढं सगळं मला माहीत होतं. फक्त लाकूड म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

नऊ हजारांवरून साडेचारपर्यंत आणलं, स्वतःचीच पाठ थोपटली, रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले. पाऊस सुरू झाला आणि तिसऱ्या आठवड्यात टेबलाचा वरचा पापुद्रा पापडासारखा फुगला. आमच्या सोसायटीच्या मागे एका सुतारकाकांचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी एक शब्द न बोलता टेबल उलटं केलं, खण बाहेर काढला आणि मला दाखवला. आतून एमडीएफ. खणाच्या पाठीमागे बारकोडच्या स्टिकरचा अर्धा तुकडा.

'चाळीस सालात बारकोड होता का गं?' काका म्हणाले.

मी रडले नाही, पण जवळजवळ. महिन्याच्या स्टायपेंडमधला मोठा घास गेला होता. परत गेले तर दुकानदार म्हणाला, 'मॅडम, मैंने बोला आर्ट डेको स्टाइल.' बिल तर मी घेतलंच नव्हतं. जुन्या बाजारात बिल मागायला आपल्याला उगाच संकोच वाटतो. तुम्ही मागा. साध्या कागदावर 'सागवान, जुनं' एवढं लिहून सही द्यायला सांगा. देताना माणूस किती आढेवेढे घेतो त्यावरूनही बरंच कळतं.

पोटाखाली खरं असतं

काकांनी त्या दिवसापासून मला शिकवायला घेतलं. त्यांचा पहिला नियम असा की टेबलाचा चेहरा बघायचा नाही, पोट बघायचं. वरून पॉलिश कुणीही मारतं. खालून मारायचा कंटाळा येतो. म्हणून दुकानात टेबल आवडलं की पहिलं काम, ते उलटं करा. दुकानदार 'अरे अरे' करेल. करू द्या.

खालचं लाकूड जुनं असेल तर ते पॉलिश न करताही करडं-तपकिरी झालेलं असतं, सगळीकडे सारख्या रंगाचं. हवेने लाकूड हळूहळू काळवंडतं. नवीन लाकडाला जुनं करायचं असेल तर चहाचं पाणी किंवा पोटॅशियम परमँगनेट फासतात, तेव्हा रंग सांध्यांत जास्त साचतो, कुठे ओघळ दिसतो, कुठे ब्रशचा फराटा. मग खणाच्या आत नाक घाला. हसू नका, खरंच घाला. जुन्या खणाला धूळ, डांबरगोळ्या आणि जुन्या कागदांचा वास असतो. नव्याला फेव्हिकॉल आणि थिनरचा.

दुसरं, स्क्रू. डोक्यावर एकच सरळ चीर असेल तर तो जुना असू शकतो. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला, ज्याला आपण 'स्टार स्क्रू' म्हणतो, त्याचं पेटंट अमेरिकेत हेन्री फिलिप्सला १९३६ मध्ये मिळालं. म्हणजे १९२० चं म्हणून विकल्या जाणाऱ्या टेबलाला मूळचेच असे स्क्रू असतील, तर काहीतरी गडबड आहे. आता एखादा स्क्रू मधल्या काळात दुरुस्तीत बदललेला असू शकतो, तो गुन्हा नाही. पण सगळेच चकचकीत, सगळेच सारखे? मग पुढच्या दुकानात.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण ती केली की दुकानदार आपल्याला एकदम सिरियसली घ्यायला लागतो. गोल टेबल असेल तर टेप काढा आणि वरच्या फळीचा व्यास दोन दिशांनी मोजा, एकदा लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि एकदा त्याला आडवा. लाकूड वर्षानुवर्षं सुकतं तेव्हा ते लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं. त्यामुळे अस्सल जुनं गोल टेबल किंचित लंबगोल झालेलं असतं. काही मिलिमीटरच, पण टेपवर दिसतात. प्लाय किंवा एमडीएफचं टेबल शंभर वर्षांनीही पूर्ण गोलच राहील.

पातळ विनिअर चिकटवलेलं आहे की अख्खं लाकूड आहे, हे फळीच्या कडेवरून कळतं. वरच्या रेषा कडेवर कशा उतरतात ते बघा. अख्ख्या फळीच्या कापलेल्या टोकाला बारीक छिद्रं आणि कमानी दिसतात, कारण तो झाडाचा आडवा छेद असतो. तिथेही वरच्यासारख्याच लांब सरळ रेषा असतील तर वर काहीतरी चिकटवलंय. मात्र विनिअर म्हणजे नेहमीच खोटं असं समजू नका. आर्ट डेकोच्या खऱ्या टेबलांनाही सुंदर विनिअर असायचं. फक्त ते जाडसर असायचं आणि खाली बऱ्यापैकी लाकूड.

सागवान ओळखायला मात्र हाताला सवय लागते. तो जड असतो, बोट फिरवलं की थोडं तेलकट लागतं, आणि ताज्या खरवडलेल्या जागी चामड्यासारखा वास येतो. शिसवी आणखी जड, काळपट-जांभळट. फसवणूक सर्वांत जास्त होते ती आंब्याच्या लाकडात. आंब्याला गडद रंग देऊन 'बर्मा टीक' म्हणून विकतात. बर्मा टीक ही काही दंतकथा नाही हं. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा मोठा धंदा ब्रह्मदेशातल्या सागवानाचाच होता, आणि मुंबईच्या कितीतरी जुन्या घरांत ते लाकूड आलं. पण प्रत्येक दुकानातलं प्रत्येक टेबल त्यातलंच कसं असेल? पायाच्या तळाला किंवा खणाच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नखाने किंचित खरवडून बघा. आत फिकट पिवळट निघालं की आंबा समजा. आंब्याचं टेबल घेऊ नये असं नाही. आंब्याच्या भावात घ्यावं.

आणि किडा! टेबलाच्या पायांत टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली की ती जुनी की चालू, हे बघायचं. भोकाच्या कडा काळवंडलेल्या असतील तर पाहुणे केव्हाच गेलेत. कडा ताज्या, फिकट असतील आणि टेबल जरा आपटल्यावर पिठासारखी बारीक पूड पडत असेल, तर ते अजून जेवतायत. असं टेबल घरी आणलं तर तुमच्या पलंगाचाही नंबर लागू शकतो. माझ्या रूममेटने एकदा 'पॅटिना आहे गं' म्हणून असं एक शेल्फ आणलं होतं. पॅटिना नव्हता, पार्टी चालू होती. शंका असेल तर दुकानातच टेबलाखाली काळा कागद ठेवून दोन दिवसांनी यायचं.

टेप, जिना आणि लिफ्ट

मापाचं पटकन सांगते. सोफ्याच्या हाताची उंची मोजा. टेबल तेवढंच, किंवा इंच-दोन इंच कमी असावं. त्याहून उंच असेल तर कप उचलताना कोपर वर जातं, बुटकं असेल तर तुम्ही लवंडता आणि चहाही लवंडतो. बहुतेक सोफ्यांना वीस ते चोवीस इंच चालतं. खोली सोफ्याच्या खोलीपेक्षा कमी हवी, नाहीतर येता-जाता गुडघा लागणार. आपल्या मुंबईच्या हॉलमध्ये पंधरा-अठरा इंची चौरस म्हणजे डोक्यावरून पाणी. जागाच नसेल तर एकात एक बसणारी तीन टेबलांची जोडी मिळते, 'नेस्ट' म्हणतात तिला. पाहुणे आले की तीन, गेले की एक. भाड्याच्या घराला याच्याइतकं शहाणं फर्निचर मी पाहिलेलं नाही.

हो, आणि लिफ्टचं दार मोजा. मी मोजलं नव्हतं. रिक्षात मावलं म्हणजे लिफ्टमध्येही मावेल, असं नसतं.

कुठे शोधायचं? मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट ही पंढरी. मूळ नाव 'शोर बाजार' होतं आणि साहेबाच्या जिभेवर त्याचं 'चोर' झालं, असं तिथले लोक सांगतात. शुक्रवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावर वेगळा बाजार भरतो. जुन्या वस्तूंच्या दुकानांत निवांत बघायचं असेल तर शुक्रवार टाळाच. आमच्या घराजवळ ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट आहे, तिथे जुनं आणि 'जुनं' दोन्ही मिळतं. पुणेकरांना बुधवार आणि रविवारचा जुना बाजार आहेच. आणि कुणी गुजरातला अलंगला जात असेल तर त्याच्याकडे डोळा ठेवा. १९८३ पासून तिथे जहाजं तोडली जातात आणि त्या जहाजांच्या केबिनमधलं फर्निचर रस्त्याच्या कडेला विकायला असतं. भक्कम, छोटी छोटी टेबलं, काहींना वस्तू घसरू नये म्हणून चारही बाजूंनी उंच कड. आमच्याकडच्या मांजरीच्या दृष्टीने आदर्श!

दुकानात फिरताना काही नमुने वारंवार दिसतील. इराणी हॉटेलातली संगमरवरी टेबलं आता 'कॅफे स्टाइल' म्हणून चढ्या भावाने जातात. छोटं मिळालं तर छानच, फक्त त्यावर लिंबू पिळू नका, आम्लाने संगमरवर खातो आणि तो डाग परत जात नाही. सहारनपूरची शिसमची, कोरीव पायांची, पितळेची तार बसवलेली टेबलं असतात. पाय घडीचे, वर गोल परात. ही वजनाला हलकी आणि घर बदलताना सोयीची, पण कोरीवकामात धूळ बसते आणि ती काढायला जुना टूथब्रश लागतो. होशियारपूरकडची आठकोनी, वर पांढरी नक्षी जडवलेली टेबलं दिसली तर जरा सावध. त्या नक्षीत पूर्वी हस्तिदंत वापरायचे, आता प्लास्टिक असतं. 'मॅडम, असली हाथीदांत' असं कुणी कौतुकाने सांगितलं तर हात जोडून बाहेर पडा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे, विकणाऱ्यालाही आणि तुम्हालाही.

आणि शिवणयंत्राचा लोखंडी स्टँड, वर काच. याबद्दल माझं स्पष्ट मत आहे: आता पुरे. प्रत्येक कॅफेत तोच आहे.

पांढरी वर्तुळं

टेबल घरी आलं की पहिली चूक होते ती उत्साहाने पॉलिश पेपर घेऊन बसण्याची. थांबा. जुन्या टेबलांवर बहुतेकदा चपड्याचं पॉलिश असतं, म्हणजे लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने कितीतरी हात चढवलेलं. त्यावर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, ते याचंच लक्षण. कोपऱ्यात कापसाने थोडं स्पिरिट लावून बघा. चिकट झालं तर चपडा आहे. मग सगळं खरवडायची गरजच नाही, त्याच पॉलिशचे दोन-तीन हात वरून चढतात, खालचं आणि वरचं एकजीव होतं. काका म्हणतात, 'चपडा माफ करतो. पीयू कोटिंग नाही करत.'

टेबलाला ऑइलपेंट असेल तर मात्र माझं ऐका आणि कोरडं घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण नव्वद पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही, आणि घासलं की त्याची धूळ नाकातोंडात जाते. लहान मूल असेल त्या घरात तर हे करूच नये. ओलं करून घासा, मास्क लावा, हॉलमध्ये बसून करू नका. नाहीतर सरळ पॉलिशवाल्याला द्या. तो हे सगळं मास्क न लावता करतो हे बघून मला बरं वाटलं नाही. पुढच्या वेळी मी दोन मास्क नेऊन दिले. त्याने खिशात ठेवले.

हे टेबल येतं कुठून?

चौथ्या फेरीत मटन स्ट्रीटवर मला एक फोनचं स्टूल दिसलं. कातीव पाय, खाली डिरेक्टरीचा कप्पा, कडेला बसायला छोटी पाटली. उलटं केलं. सरळ चिरेचे स्क्रू, करडं पोट, सागवान. दुकानातले चाचा सहा हजार म्हणाले. मी विचारलं, चाचा, हा माल येतो कुठून? ते म्हणाले, गिरगाव, दादर, परळ. चाळी पडतायत ना, रोज टेम्पो येतात.

मी काहीच बोलले नाही. कारण आमची आजी गिरगावात चाळीत राहायची. राहायची म्हणजे मागच्या दिवाळीपर्यंत. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, आजी काकाकडे ट्रान्झिटच्या खोलीत आली, आणि दीड खोलीतलं सामान एका खोलीत बसवताना काकाने जे बसलं नाही ते भंगारवाल्याला दिलं. त्यात आजोबांचं फोनचं स्टूल होतं. दोनशे रुपयांत. हे मला कळलं ते बाजारातून आल्यावर, रात्री काकाला फोन केला तेव्हा.

चाचांकडचं ते आमचं नव्हतं. आमच्या स्टुलाच्या एका पायाला मी चौथीत असताना करकटकाने माझं नाव कोरलं होतं आणि त्याबद्दल मार खाल्ला होता. त्या पायावर नाव नव्हतं. तरीही मी काकाशी भांडले. दोनशे रुपये? मला एकदा विचारायचं होतं! काका शांतपणे म्हणाला, 'तुला विचारलं असतं तर तू कुठे ठेवणार होतीस? भाड्याच्या खोलीत? आम्ही आईचा पलंग कसा बसवायचा या विवंचनेत होतो.' त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. खाली टेम्पो उभा, खोली रिकामी करायची तारीख डोक्यावर, तेव्हा 'व्हिंटेज' हा शब्द कुणाला सुचतो? तो आम्हाला सुचतो, मोबाइलवर, सोफ्यावर लोळत. आम्ही ज्या टेबलांवर हॅशटॅग लावतो त्यातलं प्रत्येक कुणाच्या तरी खोलीत बसलं नाही म्हणून बाजारात आलेलं असतं.

मी ते सहा हजारांचं स्टूल घेतलं नाही. घेववलं नाही म्हणा. त्याऐवजी पुढच्या रविवारी काकाकडे गेले आणि अजून काय काय जायचंय ते विचारलं. माळ्यावर एक तिवई होती. शिसवी, तीन पाय, एक पाय थोडा आखूड, वर चार पांढरी वर्तुळं. भंगारवाला तिचे दीडशे द्यायला तयार होता. आजी म्हणाली, 'ने. पण तिच्यावर मिक्सर ठेवू नकोस, लंगडी आहे ती. आणि वर्तुळं घालवू नकोस. दुपारचा चहा तिथेच ठेवायचे ते.' ते म्हणजे आजोबा. आजी अजूनही त्यांचं नाव घेत नाही.

काकांनी तिवईच्या आखूड पायाला लाकडाचा छोटा तुकडा बसवून दिला, चपड्याचा एक हात मारला, वर्तुळं सोडून. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले की हे शिकायला तुझे साडेचार हजार गेले, ते कुठल्या तरी वहीत लिहून ठेव.

आता गंमत बघा. तिवईची उंची पंधरा इंच. आमच्या सोफ्याचा हात तेवीस इंच. म्हणजे मीच वर सांगितलेल्या हिशेबात ती साफ नापास. सोफ्याजवळ ठेवली तर कप उचलायला कमरेतून वाकावं लागतं. म्हणून ती खिडकीखाली, जमिनीवरच्या गादीशेजारी गेली, जिथे आम्ही पाळीपाळीने सबमिशनं लिहितो. तिथे ती अगदी बरोबर हाताशी येते. परवा माझ्या रूममेटने त्यावर गरम कप ठेवला आणि पाचवं वर्तुळ उमटलं. मी आजीला फोन करून सांगितलं. तिने आधी विचारलं, 'साखर किती घालता गं तुम्ही?'

सोफ्याच्या उजव्या हाताला निळं स्टूल अजून तसंच आहे. या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे. बॅगेत टेप आहे, काळा कागद आहे. आणि फोनमध्ये दोन मावश्यांचे आणि एका आत्याचे नंबर आहेत, त्यांना आधी विचारणार आहे, तुमच्या माळ्यावर काय पडलंय म्हणून. आत्याची बिल्डिंग पुढच्या वर्षी पडणार आहे.